शाबूत कौल

"काल माझी ग्योकुसाई झाली."

चाकणच्या कॅन्टीनमध्ये समोर बसलेला तरुण जपानी इंजिनियर एवढं बोलला आणि पुन्हा पोळीशी झटापट करू लागला. एका हाताने पोळी तोडणं त्याला अजून जमत नव्हतं. मी दुभाषी, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतही माझे कान कामावर असतात. शब्द नवा होता म्हणून विचारलं, तर पठ्ठ्या लाजला. तोक्योतल्या एका मैत्रिणीला त्याने फोनवर मनातलं सांगितलं होतं आणि तिने अत्यंत नम्रपणे नकार दिला होता. शेजारच्या दोघांनी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. परीक्षेत आपटलेली मुलंही असंच म्हणतात, ही माहिती त्यांनी वर पुरवली. आपण 'पार विकेट गेली' म्हणतो ना, तसं.

संध्याकाळी घरी येऊन कोश उघडला. प्रेमभंगाचा अर्थ होता, पण सगळ्यात शेवटी. त्याच्या वर जे होतं ते वाचून मी स्वयंपाक तसाच ठेवला आणि रात्री उशिरापर्यंत वाचत बसले. या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. तो शब्द मात्र अजून पाठ सोडत नाही.

शब्दात दोन अक्षरं आहेत. पहिलं 'ग्योकु', म्हणजे रत्न, जेडचा मणी. हेच अक्षर 'तामा' असं वाचलं की गोळा किंवा चेंडू होतो. कांद्याला जपानीत तामानेगि म्हणतात, त्यातही हेच रत्न असतं. दुसरं अक्षर 'साई', म्हणजे चुरा होणं. त्यात डावीकडे दगड आणि उजवीकडे एकाखाली एक नऊ आणि दहा हे आकडे. दगड पडला आणि नऊ-दहा तुकडे झाले, असं मी ते पाठ केलं. तर ग्योकुसाई म्हणजे रत्नाचा चुरा. रत्न फुटतं तसं, मान राखून, झळाळत मरणं.

शब्द मुळात चीनमधला आणि त्यामागे एक गोष्ट आहे. सहाव्या शतकात उत्तरेत छी राजवट आली आणि नव्या बादशहाने जुन्या राजघराण्यातल्या युआन मंडळींची कत्तल सुरू केली. उरलेले भाऊबंद जमले आणि आपण आडनाव बदलून बादशहाचं काव हे आडनाव लावू, म्हणजे जीव तरी वाचेल, असं म्हणू लागले. त्यांच्यातला युआन चिंगहाव तयार झाला नाही. तो म्हणाला, मर्दाने रत्न होऊन फुटावं, कौल होऊन शाबूत राहू नये. त्याच्याच एका चुलतभावाने, चिंगआनने, हे बोलणं बादशहाच्या कानावर घातलं. चिंगहावचं डोकं उडालं. चिंगआनला नवं आडनाव मिळालं आणि तो जगला.

म्हणजे रत्न झालेला माणूस स्वतःबद्दल बोलत होता. दुसऱ्या कुणाला फुटायला सांगत नव्हता.

पण मी अडकले ती कौलापाशी. आमचं घर कोकणातलं, नळीच्या कौलांचं. वैशाखात कौलं चाळायचा कार्यक्रम असायचा. बाबा आणि दोन गडी वर चढत, आम्ही पोरं खाली उभी राहून हातोहात कौलं देत असू. फुटकी बाजूला निघत, त्यांचा ढीग परसात पडे. शाबूत कौल वर जाई आणि मृगाच्या पहिल्या सरीला आम्ही कोरड्या अंथरुणात झोपत असू. आमच्या घरी शाबूत कौल ही शिवी नव्हती. देवळातही गुरव देवाला लावतो तो कौलच आणि निवडणुकीत लोक देतात तोही कौलच. चिंगहावला तुच्छ वाटलेली ही वस्तू आमच्याकडे डोक्यावर असते.

तर हा शब्द शतकानुशतकं पोथ्यांत पडून होता. जपानमध्ये तो कवितांत, गाण्यांत यायचा. सरकारी पत्रकात तो लष्करी बातमी म्हणून पहिल्यांदा आला 30 मे 1943 रोजी, आणि निमित्त होतं आट्टू नावाचं बेट.

आट्टू अल्यूशियन साखळीच्या पश्चिम टोकाला आहे. अमेरिकेचा भूभाग, पण जपानी कुरील बेटांच्या बाजूचा. झाड नाही, बर्फ, चिखल आणि बाराही महिने धुकं. जून 1942 मध्ये जपान्यांनी ते घेतलं. तिथे राहणाऱ्या चाळीसेक अल्यूट लोकांना उचलून होक्काइदोला नेलं, त्यांतले जवळजवळ निम्मे तिथेच मेले. ही माणसं कुठल्याच बाजूच्या शौर्यकथेत येत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवते.

11 मे 1943 रोजी अमेरिकन सैन्य उतरलं. बेटावर कर्नल यामासाकी यासुयो यांच्या हाताखाली अडीच हजारांवर माणसं होती. यामासाकी एप्रिलमध्येच पाणबुडीने आले होते. काही दिवसांत आटपेल अशी अमेरिकनांची अटकळ होती, प्रत्यक्षात तीन आठवड्यांच्या जवळ गेले. चामड्याचे बूट भिजून अमेरिकनांचे पाय सडले; गोळीपेक्षा थंडीने जायबंदी झालेले काही कमी नव्हते. इकडे तोक्योत मुख्यालयाने हिशोब मांडला आणि कुमक पाठवायची नाही असं ठरवलं.

28 तारखेपर्यंत चिचागोफ बंदराजवळच्या चिंचोळ्या पट्टीत उभी राहू शकणारी आठेकशे माणसं उरली होती. 29 मेच्या पहाटे, अंधारात, यामासाकी त्यांना घेऊन निघाले. ही धाव निव्वळ मरायला नव्हती, हे लक्षात ठेवलं पाहिजे. अमेरिकन फळी फोडायची, मागच्या टेकडीवरच्या तोफा घ्यायच्या आणि त्या त्यांच्यावरच फिरवायच्या, असा काहीतरी बेत होता. फळी फुटलीही. ते पार पिछाडीपर्यंत पोचले, वाटेतल्या इस्पितळाच्या तंबूंत घुसले. टेकडीवर त्यांना अडवलं ते रस्ते बांधणाऱ्या इंजिनियर तुकडीने, स्वयंपाक्यांनी, हाताला लागेल ती बंदूक घेऊन उठलेल्या माणसांनी. तिथे सगळं संपलं. उरलेल्यांनी हातबॉम्ब छातीशी धरून फोडले. अमेरिकनांनी 2,351 जपानी प्रेतं मोजून पुरली. कैदी तीसही नव्हते. अमेरिकेचे 549 गेले.

मेलेल्यांत एक डॉक्टर होता, तात्सुगुचि नोबुओ. कॅलिफोर्नियात शिकलेला, अॅडव्हेंटिस्ट पंथाचा ख्रिस्ती, ज्या देशाची डॉक्टरकी शिकला त्याच देशाशी लढायला पाठवलेला. त्याची रोजनिशी अमेरिकनांच्या हाती लागली आणि तिची भाषांतरं सैन्यात हातोहात फिरली. शेवटची नोंद हल्ल्याच्या आदल्या रात्रीची. आज रात्री आठला मुख्यालयासमोर जमायचं, शेवटचा हल्ला होणार, इस्पितळातल्या सगळ्या रुग्णांना आत्महत्या करायला लावली. मग बायकोचा निरोप, मुलींचा निरोप. धाकटी त्याच वर्षी जन्मलेली, तिला त्याने पाहिलंही नव्हतं.

भाषांतर हे माझं पोटाचं काम, म्हणून 'करायला लावली' इथे मी थांबते. रुग्णांनी आत्महत्या केली, असं त्या भाषांतरात नाही. क्रियापदाच्या शेपटीत केवढं काय असतं.

आणि तोक्योच्या पत्रकात ती शेपटी गळून पडली. तिथे म्हटलं होतं की हल्ल्यात भाग घेऊ न शकणाऱ्या जखमींनी आधीच स्वतःचा अंत करून घेतला, आणि सर्वांनी ग्योकुसाई केली असं मानण्यात येत आहे. यामासाकींनी एका शिपायाचीही कुमक मागितली नाही, असंही लोकांना सांगितलं गेलं. मागण्या गेल्या होत्या. त्यांना नाही म्हणणारेच हे पत्रक लिहीत होते.

जपानी कामकाजात मुरलेल्या माणसाला यात फार आश्चर्य वाटत नाही. आमच्याकडे 'केन्तो शिमास', म्हणजे 'विचार करू', असं उत्तर आलं की मी मॅनेजरना मराठीत हळूच सांगते, नाही म्हणालेत. गोड शब्दाखाली कडू गोळी ठेवायची या भाषेची तयारी जुनी आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकनाल बेटावरून दहा हजारांवर उपाशी, मलेरियाने खंगलेली माणसं रात्री बोटींत घालून परत आणली, तेव्हा त्या माघारीला पत्रकात शब्द होता 'टेन्शिन', दिशा बदलून आगेकूच. हसू येतं. पण टेन्शिनने माणसं घरी आणली. ग्योकुसाईने ती घरी न आणण्याची सोय केली.

आता 'बान्झाई'बद्दल. या हल्ल्यांना जगभर बान्झाई चार्ज म्हणतात, ते नाव समोरच्या खंदकातल्या अमेरिकनांनी दिलेलं. त्यांना ऐकू आलं ते नाव पडलं. सैनिक ओरडत ते 'तेन्नो हेइका बान्झाई', सम्राटाला दहा हजार वर्षं आयुष्य लाभो. बान्झाई मी पहिल्यांदा ऐकलं एका साहेबाच्या निरोप समारंभात, बिअरचे ग्लास खाली ठेवून सगळ्यांनी दोन्ही हात वर करत तीनदा. निवडून आलेला उमेदवारही टीव्हीवर तेच करतो. दुसऱ्याला दीर्घायुष्य मागत वीस-बावीस वर्षांची मुलं मशीनगनवर धावत होती, हे त्या समारंभात हात वर करताना माझ्या मनात आलं आणि माझे हात अर्धेच वर गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

लष्करी हिशोबाने हे असं का व्हावं, याचं उत्तर बहुतेक पोर्ट आर्थर या चीनमधल्या बंदराच्या वेढ्यात सापडतं. 1904 मध्ये जनरल नोगींनी रशियन किल्ल्यांवर फळ्यांमागून फळ्या पाठवल्या. साठेक हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, नोगींचे दोन्ही मुलगे त्या युद्धात गेले, पण जानेवारी 1905 मध्ये पोर्ट आर्थर पडलं. विजय मिळाला की चुकीचाही धडा पक्का होतो. संगिनीपुढे आणि मनोबलापुढे मशीनगन हरते, असं जपानी लष्कराने मनाशी धरलं. पुढे चीनमध्ये तुटपुंज्या शस्त्रांच्या फौजांसमोर ते पुष्कळदा खरंही ठरलं. मग ऑगस्ट 1942 मध्ये कर्नल इचिकि सुमारे नऊशे माणसं घेऊन ग्वाडलकनालच्या एका खाडीवर रात्री चालून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांतले आठेकशे वाळूत पडले होते. अमेरिकेचे चाळीसेक.

आणि परत फिरायची मुभा कुणाला होती? 1882 च्या सम्राटाच्या आज्ञापत्रात मरण पिसाहून हलकं म्हटलं होतं, ते प्रत्येक शिपायाला पाठ. जानेवारी 1941 मध्ये युद्धमंत्री तोजोंच्या नावाने आलेल्या, रणांगणावर कसं वागावं हे सांगणाऱ्या पुस्तिकेत जिवंतपणी कैदेची मानहानी पत्करू नये, हे आणखी स्पष्ट झालं. कैद झालेल्याची लाज गावाकडे घरच्यांना भोगावी लागे. पुढे मशीनगन आणि मागे शेजारीपाजारी. कोण कशाला जास्त भीत असेल, सांगता येत नाही.

लाजेने धावून जाणं आपल्याला कळत नाही असं मात्र नाही. 24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. ते गाणं कानात साठवून आमची पिढी मोठी झाली आणि अजूनही लागलं की माझ्या अंगावर काटा येतो. उमराणीला पकडात आलेल्या खानाला प्रतापरावांनी सोडून दिलं, महाराज रागावले, खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका असं कळवलं. पुढचं आपल्याला माहीत आहे. पण गाण्यानंतरचा भाग आपण कमी सांगतो. महाराजांना ते लागलं. प्रतापरावांची लेक त्यांनी राजारामासाठी सून करून आणली. आणि प्रत्येक सेनापतीने असंच मरावं असा हुकूम रायगडावरून सुटला नाही. ज्या राजाने पन्हाळ्याहून रात्री निसटणं आणि आग्र्याहून सुटणं कमीपणाचं मानलं नाही, त्याच्या राज्यात सात जण एकदा वेडात दौडले. तोक्योने ते वेड नियमात बसवलं.

जपान्यांच्या समोरच्या बाजूलाही मराठी माणसं होती, हे मला फार उशिरा कळलं. मार्च 1944 मध्ये मणिपुरात उखरुलजवळच्या सांगशाक टेकडीवर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण गुरखा छत्रीधारी सैनिकांच्या शेजारी खंदक खणून होती. टेकडीवर पाण्याची बोंब, कातळामुळे खंदक धड खणता येत नव्हते, आणि चार-पाच दिवस जपानी 58 व्या रेजिमेंटचे लोक लाटेमागून लाट येत होते. 26 च्या रात्री हुकूम आला, बाहेर पडा. ते अंधारात, जंगलातून, जमेल तसे इम्फाळकडे निघाले. टेकडी गेली. पण तिथे खर्ची पडलेल्या दिवसांमुळे कोहिमाला तयारीला वेळ मिळाला. त्या रात्री निघून आलेल्या मराठ्यांना कुणी भेकड म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

जपानकडे परत. आट्टूनंतर शब्द सैल सुटला. प्रशांत महासागरातली बेटं एकामागून एक: तारावा, क्वाजालीन, आणि 7 जुलै 1944 ला साइपान, जिथला हल्ला सगळ्यांत मोठा होता. तीन-चार हजार माणसं तानापागच्या सपाटीवर पहाटे धावली. डोक्याला बँडेज बांधलेले, कुबड्या टेकत येणारे, बंदुका संपल्यामुळे बांबूला संगीन बांधलेले. अमेरिकन 105 व्या रेजिमेंटच्या दोन बटालियन जवळजवळ पुसल्या गेल्या. हुकूम देणारे जनरल साइतो त्या धावेत नव्हते. म्हातारे आणि आजारी होते; आदल्या दिवशी खेकड्याचं कॅन्ड मांस आणि साके असं शेवटचं जेवण घेऊन त्यांनी गुहेतच स्वतःला संपवलं. पर्ल हार्बरवर विमानं सोडणारे अॅडमिरल नागुमोही त्याच बेटावर, तसेच गेले. नंतर उत्तरेच्या कड्यांवरून नागरिकांनी उड्या घेतल्या, पोरांना कडेवर घेऊन. त्याबद्दल मी इथे अधिक लिहू शकत नाही.

मग घोषणा निघाली 'इचिओकु ग्योकुसाई', दहा कोटींची ग्योकुसाई. खुद्द जपानची लोकसंख्या सात कोटींच्या आसपास. कोरिया-तैवानच्या लोकांनाही न विचारता रत्नांत मोजलं होतं. ती वेळ आली नाही. 15 ऑगस्ट 1945 रोजी सम्राट रेडिओवर बोलले. त्या भाषणाला जपानीत म्हणतात ग्योकुओन होसो. ग्योकु, तेच अक्षर. रत्नाचा आवाज. खरखरीतून, दरबारी भाषेत, पुष्कळांना न कळलेल्या त्या आवाजाने सांगितलं की असह्य ते सहन करा. म्हणजे जगा. यामासाकींच्या माणसांना हे सांगायला त्या आवाजाला दोन वर्षं उशीर झाला होता.

सगळेच सेनानी त्या शब्दाला भुलले नाहीत. इवो जिमा बेटावर जनरल कुरिबायाशींनी असे हल्ले करायला सक्त मनाई केली. शत्रूला तेच हवं असतं, हे त्यांना कळलं होतं. पण त्यांची माणसंही वाचली नाहीत, मरायला छत्तीस दिवस घेतले एवढंच. मला सांगायचंय ते किस्काबद्दल.

किस्का आट्टूच्या पूर्वेला, म्हणजे अमेरिकेच्या आणखी जवळ. आट्टू पडल्यावर तिथले पाच हजारांवर जपानी सैनिक पुरते कोंडले. पुढची ग्योकुसाई त्यांचीच, हे सगळ्यांना दिसत होतं. नौदलाने त्यांना आणायला अॅडमिरल किमुरा मासातोमींना पाठवलं. लांबलचक मिशांचे, परीक्षेत फार चमक न दाखवलेले गृहस्थ. जुलैच्या मध्यात ते किस्काजवळ पोचले आणि धुकं विरलं. धुकं नाही म्हणजे अमेरिकन विमानांना मोकळं रान. हाताखालचे अधिकारी म्हणाले, घुसू या. किमुरा मागे फिरले. परत गेलं तर पुन्हा येता येईल, असं ते म्हणाल्याचं सांगतात. तळावर वरिष्ठांनी त्यांना भेकड म्हणून झोडपलं. किमुरा धुक्याची वाट पाहत राहिले.

29 जुलैला ते पुन्हा आले. धुकं इतकं दाट की वाटेत त्यांचीच जहाजं एकमेकांवर आपटली होती. तीन दिवसांपूर्वी अमेरिकन जहाजांनी रडारवर दिसलेल्या भुतांवर शेकडो तोफगोळे उडवले होते आणि तेल-दारूगोळा भरायला ती बाजूला गेली होती. बंदरात वेळ फार नव्हता. शिपायांना सांगण्यात आलं, बंदुका समुद्रात टाका. त्या बंदुकांवर सम्राटाचं सेवंतीचं फूल कोरलेलं. तिच्यावर ओरखडा उठला तरी शिपाई मार खाई. बंदुका पाण्यात गेल्या. सेवंतीपेक्षा शिपाई जड, असा तो एकच हिशोब त्या युद्धात मला दिसतो. 55 मिनिटांत 5,183 माणसं जहाजांवर चढली.

पंधरवड्याने, 15 ऑगस्टला, चौतीस हजार अमेरिकन आणि कॅनडियन सैनिक किस्कावर उतरले. धुक्यात एकमेकांवरच गोळ्या झाडून काही मेले. बेटावर जपान्यांनी मागे ठेवलेली दोन-तीन कुत्री होती, ती शेपट्या हलवत सामोरी आली.

परतीच्या वाटेवर किमुरांची जहाजं आट्टूच्या दक्षिणेकडून गेली. दाट धुकं, दिवे विझवलेले, डेकवर माणसांवर माणसं. आट्टूवर त्या वेळी जिवंत जपानी कुणी नव्हता. तरी त्या बाजूने बान्झाई, बान्झाई असा आवाज आला, असं जहाजांवरच्या काहींनी नंतर सांगितलं म्हणे. वारा असेल. नाहीतर इंजिनाचा घरघराट. निरोपाच्या वेळीही जपानी तेच ओरडतात, हे मी वर लिहिलंच आहे.